ज्ञानदानाची चार अंगे : सार्वजनिक शाळा, समाज आणि विद्यार्थी

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा पाठ)



एखाद्या धर्मादाय विश्वस्त संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात, तेव्हा तिच्या जमाखर्चाच्या वह्या म्हणजे त्या गावच्या समाजाचा इतिहासच असतो. जिनालयाचा जीर्णोद्धार, त्यागीनिवास, दुष्काळातील चारा, रुग्णांना औषधे, होतकरू मुलांना शिष्यवृत्ती, जूनमध्ये वह्या-पुस्तकांचे वाटप अशी खाती त्या वह्यांतून वर्षानुवर्षे चालत आलेली दिसतात. जैन परंपरेने आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी दानाची चार रूपे सांगितली. त्यांपैकी आहार आणि औषध यांचे फळ त्वरित दिसते. भुकेलेला तृप्त होतो, रुग्ण उठून बसतो. ज्ञानदानाचे फळ दिसण्यास मात्र एक पिढी जावी लागते, आणि म्हणूनच त्याचा हिशेब मांडणे कठीण असते. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने हा कठीण हिशेब मांडणे उचित ठरेल.

हा विचार गावातील सार्वजनिक शाळेपुरता, म्हणजे जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेपुरता मर्यादित आहे. शेतमजूर, गवंडी, हमाल, छोटा शेतकरी आणि धुणीभांडी करणारी माउली यांच्या मुलांना अक्षराची ओळख आजही प्रामुख्याने याच शाळेत होते. ही शाळा कोणाच्या बळावर चालावी, शासनाच्या, पालकांच्या की दानशूरांच्या, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राचा आधार घेता येतो. त्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात दानाचे विवेचन आहे. दानाचे फळ चार गोष्टींवर अवलंबून असते, असे त्याचे तात्पर्य : विधी, द्रव्य, दाता आणि पात्र. देण्याची रीत, दिली जाणारी वस्तू, देणारा आणि घेणारा या चारींपैकी एकही उणे पडले, तर दान उणे पडते. शाळेच्या बाबतीत ही चारही अंगे क्रमाने तपासून पाहता येतील.

द्रव्य

प्रथम द्रव्याचा विचार. शाळेला पैसा लागतो आणि तो कोणी द्यावा, हा वाद महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांहून जुना आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके याच जागी बोट ठेवले. सरकारी तिजोरीतील महसूल बहुतांशी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वाहतो, ही त्यांची तक्रार होती. किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, अशी त्यांची मागणी होती. पुढे १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते पुढच्याच वर्षी फेटाळले गेले. ब्रिटिश सरकारला जे परवडत नव्हते, ते काही संस्थानिकांनी करून दाखवले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. करवीरच्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा जारी केला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने अनुच्छेद ४५ द्वारे दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा संकल्प केला. तो संकल्प मूलभूत हक्क होण्यास २००२ सालची ८६वी घटनादुरुस्ती यावी लागली. त्या हक्काचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. दरम्यान १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा, अशी शिफारस केली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तोच सहा टक्क्यांचा आकडा पुन्हा उच्चारला. अर्धशतक उलटून गेले तरी ते लक्ष्य देशाला एकदाही गाठता आलेले नाही. या विश्वस्त संस्थेचे पन्नास वर्षांचे ताळेबंद जसे समोर आहेत, तसाच हाही एक ताळेबंद आहे, आणि त्यातील येणे बाकी आहे.

शाळेपर्यंत प्रत्यक्षात काय पोहोचते, हेही पाहिले पाहिजे. शासनाच्या शिक्षणखर्चाचा मोठा हिस्सा शिक्षकांच्या वेतनावर जातो, आणि ते योग्यच आहे; शिक्षकाविना शाळा म्हणजे चार भिंती. उरतो तो रोजचा खर्च. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांप्रमाणे शंभरापर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाकाठी २५,००० रुपयांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान मिळू शकते. म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या आसपास. खडू, फळ्याचा रंग, वीजबिल, नळदुरुस्ती, स्वच्छतागृहाची सफाई, कुलूप, झाडू, नोंदवह्या हे सारे त्यातच. एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाचे महिन्याचे वीजबिल आणि फोनचे बिल मिळून जेवढे होते, तेवढ्यात पन्नास-साठ मुलांच्या शाळेचा संसार चालावा, अशी ही अपेक्षा आहे.

अशा वेळी दानशूर समाजाचा हात सहज पुढे येतो. पंखे येतात, पाणी शुद्ध करणारे यंत्र येते, संगणक येतो. त्याबद्दल कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. परंतु येथे एक विवेक राखणे आवश्यक आहे. जे मुलाचे हक्काचे आहे, ते दान म्हणून दिले गेले तर हक्काचा विसर पडतो. शिक्षकाची रिकामी जागा भरणे, गळके छप्पर सांधणे, मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह असणे या कायद्याने ठरवून दिलेल्या गोष्टी आहेत. त्या शासनाकडून आणि स्थानिक प्राधिकरणाकडून मागून घेणे, त्यासाठी अर्ज करणे, पाठपुरावा करणे हेसुद्धा ज्ञानदानच होय. ज्याची देण्याची ऐपत आहे, त्याची मागण्याचीही ऐपत असते. त्याचा शब्द कार्यालयात ऐकला जातो. म्हणून शाळेला द्यावयाचे पहिले द्रव्य म्हणजे तो शब्द. पैशाचा क्रम त्यानंतरचा.

दाता

दात्याचा विचार करताना दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाला आपल्याच अंगणातील एका वटवृक्षाकडे पाहावे लागते. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. बाहुबलीच्या डोंगराच्या पायथ्याचे हे गाव या भागातील प्रत्येक श्रावकाच्या परिचयाचे आहे. शालेय शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेल्यावरून त्यांना स्वतःचे वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. पुढे ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी ते खेडोपाडी हिंडले, आणि त्या भ्रमंतीत त्यांना एक गोष्ट उमगली : शेतकऱ्याच्या घरात कंदील पोहोचला, तरी त्या उजेडात वाचणारे कोणी नाही.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एका पंक्तीला बसून जेवत होती. मुलांच्या जेवणाला धान्य उरले नाही, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले, आणि अखेर मंगळसूत्रही विकले. आज रयतेच्या पसाऱ्याकडे पाहताना हा आरंभ दृष्टीआड होता कामा नये.

परंतु भाऊरावांच्या कार्यातील सर्वांत मोलाचा भाग लक्ष्मीबाईंच्या दागिन्यांइतकाच एका मुठीत आहे. दूधगावच्या आश्रमापासून त्यांनी मुष्टिफंडाची प्रथा चालवली. घरातील स्त्रीने दळण-कांडण करताना एक मूठ धान्य शाळेच्या नावाने बाजूला काढून ठेवावे, आणि आठवड्याने मुलांनी ते घरोघरून गोळा करावे, अशी ती साधी रीत होती. एका मुठीची किंमत ती काय! पण ज्या घरातून मूठ निघाली, त्या घराला शाळा आपली वाटली. मास्तर वेळेवर येतो का, मुलगा पाटी घेऊन जातो का, विहिरीवरचा रहाट मुलांनी नीट वापरला का, हे विचारण्याचा अधिकार त्या मुठीने त्या माउलीला दिला. गाव करी ते राव न करी, ही म्हण तेथे अक्षरशः खरी ठरली. १९४८ च्या सुमारास काही काळ सरकारी अनुदान थांबले. गाडगे महाराजांनी मध्यस्थी केली आणि अनुदान पूर्ववत झाले, पण मधल्या काळात संस्था तगून राहिली ती याच लोकाश्रयावर.

त्या मुठीच्या शेजारी आजच्या दानाचे चित्र ठेवून पाहिले, तर मन अस्वस्थ होते. समाजाची दानत आटलेली नाही. शाळेच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावाच्या पाट्या पूर्वीपेक्षा अधिकच आहेत. परंतु ज्याच्या नावाची पाटी भिंतीवर आहे, त्याच्या घरातील मूल त्या भिंतीच्या आत नाही. ते सकाळी पिवळ्या बसमधून तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेला जाते. यात त्या पालकाला दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. आपल्या अपत्याच्या भवितव्याची चिंता कोणत्या आईबापाला नसते? परंतु अशा शंभर पालकांच्या शंभर योग्य निर्णयांतून गावच्या शाळेचे एक मोठे नुकसान झाले. ज्यांचा आवाज पंचायत समितीपर्यंत पोहोचतो, त्यांची मुले त्या शाळेत राहिली नाहीत; आणि ज्यांची मुले तेथे राहिली, त्यांचा आवाज कोठेच पोहोचत नाही. पंख्यांच्या देणगीने हे नुकसान भरून येत नाही.

कायद्यानेही या प्रश्नाला एक वेगळे वळण दिले आहे. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही, असा निर्णय दिला. परिणामी खासगी शाळांवर असलेले दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागा राखण्याचे बंधन अल्पसंख्याक शाळांवर उरले नाही. २०२५ मध्ये न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने या निर्णयाबद्दल शंका व्यक्त करून फेरविचाराचा प्रश्न सरन्यायाधीशांपुढे ठेवला. न्यायालयात पुढे काय ठरेल ते ठरो. श्रावकाच्या बाबतीत प्रश्न कायद्यापाशी संपत नाही. अणुव्रते कोणत्याही सरकारने लादलेली नाहीत. श्रावक ती स्वेच्छेने घेतो. जे बंधन कायद्याने काढले, ते धर्माने स्वीकारावे की नाही, हा प्रश्न समाजाच्या प्रत्येक शिक्षणसंस्थेच्या व्यवस्थापनाने स्वतःला विचारावयास हवा. ज्या समाजाच्या पूर्वसूरींनी १९०१ मध्ये कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग उभी राहताना पाहिली आणि शाहू महाराजांच्या उदार आश्रयाचा लाभ घेतला, त्या समाजाने आपल्या दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलाला काय उत्तर द्यावे?

विधी

तिसरे अंग विधी, म्हणजे देण्याची रीत. सार्वजनिक शाळेच्या बाबतीत ही रीत कायद्याने घालून दिली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा आणि अनुदानाचा विनियोग ही तिची कामे आहेत. त्याशिवाय राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क मध्ये सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे पालकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदवले आहे. कागदावर पाहिले तर पालकाच्या हाती एवढी सत्ता यापूर्वी कधी आलेली नव्हती.

कागद आणि वास्तव यांतील अंतर मात्र मोठे आहे. कित्येक ठिकाणी समितीची सभा म्हणजे इतिवृत्ताच्या वहीवर घरी जाऊन घेतलेली सही. सभेची वेळ सकाळी अकराची. त्या वेळी समितीतील भगिनी भांगलणीला गेलेली असते आणि बंधू गवंड्याच्या हाताखाली. एक दिवस सभेला बसायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते. ऊसतोड मजुराची स्थिती याहून बिकट. दिवाळीनंतर बीडकडून कोल्हापूर-सांगलीच्या फडांत आलेले कुटुंब उन्हाळ्यापर्यंत परत जात नाही. त्यांच्या मुलाचे नाव एका जिल्ह्यातील हजेरीपटावर आणि मूल दुसऱ्या जिल्ह्यातील पाचटाच्या खोपीत. अशा पालकांना उदासीन म्हणणे म्हणजे अनवाणी माणसाला सावकाश चालतो म्हणून बोल लावण्यासारखे आहे. शाहू महाराजांच्या दंडाचा रुपया त्या काळी आवश्यक होता. आजच्या फडातील पालकाला दंडाऐवजी सोबत हवी आहे.

ही सोबत जैन समाज फार चांगली देऊ शकतो, कारण या समाजाजवळ एक विद्या पिढीजात आहे. ती म्हणजे हिशेब. दिवाळीला वहीपूजन करणाऱ्या घरांना जमाखर्चाचे पावित्र्य वेगळे शिकवावे लागत नाही. गावोगावी समाजात निवृत्त लेखापाल, बँक अधिकारी, शिक्षक, वकील, अभियंते आहेत. अशा दोन-चार जाणकारांनी आपल्या भागातील दोन शाळा निवडाव्यात. समितीची सभा पालकांच्या सोयीने संध्याकाळी सातला, देवळाच्या किंवा चावडीच्या ओट्यावर भरवण्याची विनंती मुख्याध्यापकांना करावी. वर्षाचे अनुदान किती आले, कशावर खर्च झाले, किती शिल्लक आहे हे सोप्या मराठीत शाळेच्या फळ्यावर लिहिण्यास मदत करावी. विकास आराखडा लिहिताना समितीतील भगिनींच्या शेजारी बसावे. त्यांच्या जागी मात्र बसू नये. ही शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. सहाय्यकाने अध्यक्षाची खुर्ची पकडली, की मूठभर धान्य देणारी माउली पुन्हा एकदा बाहेर उभी राहते.

देणगीच्या रीतीबद्दलही थोडे बोलणे प्राप्त आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळा दत्तक घेण्याची योजना जाहीर केली. देणगीदाराने रोख रकमेऐवजी वस्तू व सेवा द्याव्यात, ठरावीक मुदतीसाठी शाळा दत्तक घ्यावी, आणि देणगीच्या प्रमाणात त्याचे नाव शाळेला जोडता यावे, असे तिचे स्वरूप होते. शासन जबाबदारी झटकत आहे, अशी टीका शिक्षक संघटनांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी केली; शाळांना साधने मिळतील, असे समर्थकांचे म्हणणे होते. या वादात न शिरताही एक गोष्ट निश्चित म्हणता येते. आईवडील जिवंत असलेल्या मुलाला दत्तक घेण्याचे कारण पडत नाही. सार्वजनिक शाळेचे आईवडील जिवंत आहेत : शासन आणि गाव. त्यांना त्यांच्या कर्तव्याची आठवण देत राहावे आणि शेजाऱ्याच्या नात्याने मदत करावी, एवढीच दात्याची भूमिका शोभून दिसते. अपरिग्रहाचे व्रत मानणाऱ्याने नावाचा परिग्रहही मर्यादितच ठेवावा.

पात्र

चौथे अंग पात्र, म्हणजे विद्यार्थी. शाळेविषयीच्या सर्व चर्चेत त्याच्याबद्दल फार बोलले जाते आणि त्याच्याशी फार कमी. दान घेणारा म्हणजे रिकामे भांडे नव्हे. जैन विचारात पात्रतेला गुणांचे अधिष्ठान आहे. म्हणून विद्यार्थ्याची जबाबदारी हा विषय टाळून चालणार नाही.

साताऱ्याच्या वसतिगृहातील मुले स्वतः स्वयंपाक करीत, शेतात नांगर धरीत, खडी फोडीत, इमारतीचे दगड वाहत आणि मग अभ्यासाला बसत. ‘कमवा आणि शिका’ या योजनेचे बीज तेथे पेरले गेले. फुकट मिळालेल्या शिक्षणाची किंमत राहत नाही आणि विकत घ्यावे तर गरिबाला परवडत नाही. या पेचातून भाऊरावांनी श्रमाची वाट काढली. श्रमाने मुलगा मिंधा राहिला नाही. शिवाय सर्वांनी सर्व कामे करावयाची असल्याने काम आणि जात यांची गाठ सुटली. आज शाळेत मुलांकडून झाडलोट करून घ्यावी की नाही, यावर वाद होतात. वादाचे मूळ कामात नाही, वाटणीत आहे. झाडू मुलींच्याच हाती आणि पाण्याची बादली ठरावीक घरांतल्या मुलांच्याच हाती दिली जात असेल, तर तो अन्याय आहे. पाळीपाळीने सर्वांच्या हाती दिली, शिक्षकांनीही घेतली, तर ते शिक्षण आहे.

परीक्षेच्या धाकालाच जबाबदारी मानण्याची एक चूक समाजात रूढ आहे. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही अनुत्तीर्ण करू नये, असे ठरवले होते. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीत वार्षिक परीक्षा घेण्याची मुभा दिली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रानेही तसा बदल केला. परीक्षा असावी की नसावी, यावर प्रामाणिक मतभेद आहेत. परंतु पाचवीतील मुलाला वाचता येत नसेल, तर त्याचे उत्तरदायित्व त्या दहा वर्षांच्या मुलावर एकट्यावर टाकता येत नाही. त्याच्या वाट्याची जबाबदारी त्याच्या वयाला पेलेल एवढीच : वेळेवर येणे, समजले नाही ते विचारणे, ग्रंथालयातील पुस्तक न फाडता परत करणे, माध्यान्ह भोजनातील अन्नाचा कण वाया न घालवणे, आपल्याहून लहानाला हात धरून शिकवणे. हे गुण जैन घरांत विनय, संयम आणि जीवदया या नावांनी शिकवले जातात. शाळेत त्यांना वेगळी नावे असतील. वस्तू तीच आहे.

विश्वस्त संस्थेच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या तरुण-तरुणींसाठी ही जबाबदारी आणखी पुढे जाते. शिष्यवृत्ती हे दान मानले तर व्यवहार तेथेच पूर्ण होतो. ते ज्ञानऋण मानले तर फेडीची वाट उघडते. आठवड्यातून एक तास, गावच्या शाळेतील दोन मुलांना समोर बसवून वाचून घेणे, एवढी फेड पुरेशी आहे. पैसा लागत नाही. सलग वर्षभर न चुकता जाणे मात्र लागते, आणि ते पैशाहून कठीण आहे.

उपसंहार

हे सारे आजच बोलण्याचे कारण आहे. वाडी-वस्तीवरील अनेक शाळांचा पट घसरत आहे. २०२३ मध्ये शिक्षण विभागाने वीसहून कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा या प्रश्नाची तीव्रता सर्वांच्या लक्षात आली. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा असावी, असा कायद्याचा निकष आहे. वस्तीवरची शाळा बंद झाली, तर मोटारसायकल असलेला बाप मुलाला पुढच्या गावी सोडून येईल. परंतु ओढा ओलांडून जावे लागते म्हणून एखाद्या मुलीची पाटी कायमची फळीवर जाईल. ती मुलगी कोणाच्याही वार्षिक अहवालात दिसणार नाही. ती शाळेत राहावी, एवढ्यासाठीच द्रव्य, दाता, विधी आणि पात्र यांचा हा सारा विचार आहे.

सुवर्णमहोत्सवी निधीचा विनियोग कसा व्हावा, हे ठरवण्याचा अधिकार विश्वस्त मंडळाचा आणि सर्वसाधारण सभेचा आहे. विचारार्थ काही गोष्टी मात्र नम्रपणे मांडता येतील. परिसरातील दोन सार्वजनिक शाळांशी किमान दहा वर्षांचे नाते जोडावे. एका वर्षाच्या मोठ्या देणगीपेक्षा दहा वर्षांची छोटी साथ मोलाची ठरेल. शासनाकडून येणे असलेल्या गोष्टींची यादी करून तिचा पाठपुरावा करण्यास एक समिती नेमावी. व्यवस्थापन समितीच्या सभेसाठी मजुरी बुडवून येणाऱ्या पालकांची सोय पाहावी. समाजाच्या शाळांतून दुर्बल घटकांतील मुलांना स्वेच्छेने जागा द्याव्यात. आणि मुष्टिफंड पुन्हा सुरू करावा. आज मूठभर ज्वारीची गरज नसेल. दर घराने महिन्याला एक लहानशी रक्कम काढावी आणि ती नेऊन देण्यासाठी घरातल्या एका माणसाने महिन्यातून एकदा शाळेची पायरी चढावी. रक्कम कितीही लहान असो, पायरी चढणे चुकता कामा नये.

जीवांनी एकमेकांच्या उपकारावर जगावे, हा तत्त्वार्थसूत्राचा बोध जैन प्रतीकाखाली कोरलेला असतो. त्याचा अर्थ उपकार वरून खाली वाहतो, असा नाही. मूठ देणारी माउली शाळेला जगवते, आणि ती शाळा उद्या तिच्या नातीला शिकवून तिच्या घराला जगवते. रयत शिक्षण संस्थेने आपले बोधचिन्ह म्हणून वटवृक्ष निवडला. वडाची पारंबी जमिनीला टेकली की तीच खोड होते आणि मूळ झाडाला आधार देते. पन्नास वर्षांच्या या विश्वस्त संस्थेच्या पारंब्या आता जमिनीला टेकण्याइतक्या लांब झाल्या आहेत. त्यांतील एखादी गावच्या शाळेच्या अंगणात रुजावी, हीच जिनेंद्रचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.